खोडरबर

पडद्यावर अजून एकही लाल ओळ नव्हती.

आनंदी डोळे फाडून बघत होती. लाल ओळ आली तर ती सुटणार होती. नाही आली तर दारात बसलेली महिला पोलीस तिला घेऊन जाणार होती. पोलीसबाईंचा चहा पिऊन झाला होता.

बिबवेवाडीतली ही रक्त तपासायची लॅब. रक्ताच्या यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर पोटॅशियम सहा पॉइंट चार होतं. आनंदीने कॉम्प्युटरमध्ये तेच टाकलं. रिपोर्टवर छापून आलं दोन पॉइंट चार. हॉस्पिटलने तो रिपोर्ट वाचला आणि बद्रीनाथ नावाच्या म्हाताऱ्याला सलाइनमधून पोटॅशियम चढवलं. आधीच जास्त होतं त्यात आणखी. त्याचं हृदय थांबलं.

रिपोर्टखाली सही लॅबचे मालक डॉक्टर श्रीधर यांची. ती सही आपोआप छापली जाते. डॉक्टर रिपोर्ट वाचत नाहीत. त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नाही.

"मी सहाच टाकला," आनंदी पहिल्यापासून सांगत होती. "सहा आणि दोन शेजारी तरी असतात का कीबोर्डवर? हा कॉम्प्युटर किती दिवस अडकतोय, मी सांगून थकले. तो तपासा आधी."

"कॉम्प्युटर चुकत नसतो, बाई. माणूस चुकतो," डॉक्टर म्हणाले होते. "तुम्हा लोकांना संधी द्यायची म्हणून दिली. संधी दिली की हे असं."

तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पुण्यात ते सांगावं लागत नाही.

शेवटी त्यांचा वकील म्हणाला म्हणून डॉक्टर तपासणीला तयार झाले. कोणाला बोलवायचं ते आनंदीनेच सांगितलं. समाधान. लॅबचे सगळे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा आणि अप्परच्या वस्तीत तिच्याच गल्लीत राहायचा. निदान हा तरी विकला जाणार नाही, एवढी तिला खात्री होती.

सकाळी तो आला. डॉक्टरांना नमस्कार केला. आनंदीला हळू आवाजात जय भीम केला.

"दादा, नीट कर हं. माझं सगळं यावर आहे."

"बिनघोर राहा. मशीन खोटं बोलत नाही."

त्याने खरंच जीव ओतला. कॉम्प्युटरचा डबा उघडला. ब्लोअरने धूळ उडवली. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या पिवळ्या कडा खोडरबरने घासल्या, काळं निघालं ते फुंकून टाकलं, पट्ट्या खटकन जागेवर बसवल्या. सख्ख्या बहिणीचं काम असल्यासारखं केलं. मग पेनड्राइव्ह लावून टेस्ट सुरू केली. त्यात विंडोज वगैरे काही चालू होत नाही. टेस्ट थेट मेमरीला आकडे देते आणि तेच परत मागते. दिला तोच परत आला तर ठीक. एक जरी बदलून आला तर लाल ओळ.

दुपारपर्यंत आकडे जात राहिले, येत राहिले. शेवटी हिरव्या अक्षरांत 'पास' आलं. चुका शून्य.

"परत लावतो, साहेब," समाधान म्हणाला.

"लावा ना. मनात शंका नको."

परतही शून्य.

"बघा," डॉक्टर आनंदीकडे वळले. "मशीनची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. आता तुमची तपासायची का?"

आनंदी पडद्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या बोटांकडे.

"दादा, मी सहाच टाकला होता रे," ती म्हणाली. समाधानने मान खाली घातली. मग तिचा आवाज पार बदलला. "पण मशीन बरोबर आहे म्हटल्यावर... माझ्याच हातून झालं असेल."

महिला पोलिसाने ते लिहून घेतलं. "चला," ती म्हणाली.

डॉक्टर केबिनकडे जाता जाता थांबले. "समाधान, आलाच आहात तर रिसेप्शनचाही बघा. तोही हल्ली अडकतोय."

रिसेप्शनवर कादंबरी नावाची मुलगी बसली होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं. समाधानने तिच्या टेबलावर डबा उघडला, मेमरीची पट्टी काढली, खिशातून खोडरबर काढलं आणि घासायला लागला. हात आपले आपण चालत होते.

"याला नाही का ती टेस्ट लावायची?" कादंबरीने विचारलं.

"याला कशाला? रबर मारलं की निम्मे बिघाड तिथेच निघून जातात. मग टेस्ट लावून काय सापडणार, डोंबल?"

बोलून झालं आणि त्याचा हात थांबला.

कादंबरी त्याच्याकडे बघत होती. "आनंदीच्या कॉम्प्युटरला रबर कधी मारलंत?" तिने हळूच विचारलं. "टेस्टच्या आधी का नंतर?"

काचेबाहेर आनंदी पोलिसांच्या गाडीत चढत होती. एक चप्पल पायातून निसटली. ती तिने वाकून उचलली, हातात धरली आणि तशीच आत बसली. गाडी अजून सुरू झाली नव्हती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"झालं का हो?" केबिनमधून डॉक्टरांनी विचारलं.

"झालं, साहेब," समाधान म्हणाला, आणि टेबलावरचा काळा चुरा फुंकून टाकला.