अकोल्याची भर

“हूं म्हणत जा, बाई,” नत्थुजीनं बजावलं. “हुंकार नसला तं गोष्ट रुसते.”

“हूं,” गाडीत मागून माणिकबाई म्हणाली.

बोरगाव मागं पडलं होतं, उन्हं कलली होती. सडक इतकी रिकामी, की नत्थुजीला आपल्याच चाकांची कुरकुर परक्याची वाटत होती. चार वर्षांमागं याच सडकेवर काय तोरा होता! विलायतेत कापसाचा दुष्काळ पडला आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. अमरावतीहून निघालेली गाड्यांची माळ अकोल्यापर्यंत तुटत नसे. बाजूच्या बाभळींना एवढा कापूस अडकायचा, की चिमण्यासुद्धा गाद्यांवर लोळायच्या. मग रूळ आले, आगगाडी आली, आणि ती माळ सुटली.

माणिकबाई अकोल्याच्या पडावावर गाडीवानांना भाजीभाकर विकायची. गाड्या थांबल्या, चूल थंडावली, तशी ही भुताच्या गोष्टींच्या मागं लागली. कोणती गोष्ट कुठं जन्मली, कोणत्या पडावावर कशी वाढली, हे विचारत अमरावतीपर्यंत जाऊन आली होती. बोरगावच्या विहिरीपाशी तिनं नत्थुजीच्या गाडीला हात दाखवला. आधी त्याचं लाल पागोटं पाहिलं, मग एका शिंगाचा बैल पाहिला, आणि माहेरचं कोणी भेटावं तशी हसली.

“तं सर्वात मागच्या गाडीवर ते हडळ बसे,” नत्थुजी सांगू लागला. “पांढरं लुगडं. कापसातून सरकी वेचे. वळून पाह्यलं तं सरकी डोळ्यात फेके.”

“हूं. हे झालं अमरावतीचं. बडनेऱ्यानं काय घातलं?”

पडावाचा रिवाजच तसा होता. ऐकलेली गोष्ट पुढं सांगायची तर तिच्यात आपल्या गावची एक भर घालायची. तशीच्या तशी सांगणारा म्हणजे शेजारणीची भाकर आपली म्हणून वाढणारा.

“बडनेऱ्यानं तिचे पाय उलटे केले. त्याहिले दुसरं सुचते काय?”

“आन मुर्तिजापूरनं?”

“ते लोक बिलंदर. ज्यानं कापूस ओला करून वजन वाढवलं, त्याच्याच गाडीवर ते बसते म्हणे. दोन महिने साऱ्यायचा कापूस कोरडा येत होता, बाई!”

दोघंही हसली. बैलानं कान हलवला.

“आन अकोल्यानं?” नत्थुजीनं विचारलं.

“अकोला येऊ द्या.”

नत्थुजीनं कासरा सैल सोडला. मग मनातलं बोलला. “बाई, एक काम करा. हे गोष्ट माही हाय. पहिल्यांदा म्या सांगतली. सारे सांगतात, माहं नाव कोणी घेत नाही. रुळानं सडक नेली, गाडी नेली. नाव तेवढं तं राहू द्या. तुमी जिथं सांगसान तिथं माहं नाव घ्या. सांगू काय नाव?”

“अकोल्याले सांगा. पहिल्यांदा कुठं सांगतली?”

“अमरावतीच्या पडावावर, निंबाखाली. मले सारं दिसते. तुराट्यांचा जाळ. आन अंबाडीच्या भाजीचा वास...”

“लसणाची फोडणी?”

“व्हय! तुमाले कसं माईत?”

“माही भाजी तशीच असते.” ती हळूच म्हणाली, “तुमचं गाव कोणतं, बुवा?”

नत्थुजीनं तोंड उघडलं. गाव काही आलं नाही. “असंन इकडंच कुठंतरी.”

“मायचं नाव?”

त्यानं उगाच बैलाला हाक मारली. “एवढं फिरल्यावर कोणाच्या ध्यानात राह्यते?”

या वेळी मागून हुंकार आला नाही.

अकोल्याचा पडाव आला. विझलेल्या चुलींचे दगड, एक फुटका रांजण, गवत वाढलेली चाकोरी. माणिकबाई खाली उतरली. उतरल्यावर तिनं बैलाच्या एकुलत्या शिंगावरून हात फिरवला.

“आता सांगा,” नत्थुजी म्हणाला. “अकोल्यानं कायची भर घातली?”

“गोष्ट लय चांगली होती, बुवा. पण बिनबापाची. कोणी खरी मानत नव्हतं. इथं ह्याच चुलीवर भाजी फोडणीले टाकली होती, आन गाडीवान विचारत होते, कोणं सांगतली? मंग म्या तिले बाप देला. लाल पागोट्याचा म्हातारा गाडीवान, एका शिंगाचा बैल, रिकाम्या सडकेवर फिरते आन ‘गोष्ट माहीच’ म्हणून भांडते.” तिनं पदरानं डोळे टिपले. “घाईत गाव द्यायचं राह्यलं. माय द्यायची राह्यली. नाव तेवढं ठेवलं.”

“काय नाव?”

“नत्थुजी.”