उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल

आजोबांची नजर अधू झाली, तेव्हापासून दोन वर्षं गाडी दारात उभीच होती. मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिलं, तर ब्रेक ऑइल काळपट झालेलं.

"महिन्यातून एकदा शेजारचे गल्लीत फिरवून आणतात, तेवढीच. तरी बदलायचं?" आजींनी विचारलं.

"उभ्या गाडीतही ते हवेतली ओल ओढतं, आजी. बदलावं लागणारच. पण एवढ्याशा फेरीला घाई नाही, करू सवडीने."

आजींनी खिडकीतून आत डोकावलं. आजोबा मोठमोठ्याने पेपर वाचत होते.

"आजच कर रे बाबा," त्या कुजबुजल्या. "डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ह्यांना सकाळीच हिरवा कंदील दाखवलाय. आणि शेजारच्या सीटवर मलाच बसायचंय!"