शंभरी

"वहिनी, आईची गाडी गोळ्यांवर नाही, गप्पांवर चालते. तिचं खाली जाणं बंद करू नकोस," नणंदेने फोनवर बजावलं होतं. लांबून सांगायला काय जातं, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझं बाळ जेमतेम सहा महिन्यांचं, आणि खाली सोसायटीच्या फाटकाजवळच्या बाकावर सासूबाईंच्या मैत्रिणींपैकी कुणी ना कुणी खोकत असायचंच.

मी खाली जाणं बंद करायला सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी वाद घातला नाही. "तुझंही खरंच आहे गं, लेकरू लहान आहे," एवढंच म्हणाल्या आणि चपला उचलून कपाटात ठेवल्या. मग मी त्यांचं सगळं शिस्तीत बसवलं. जेवणात मीठ कमी, फळं वेळेवर, फेऱ्या घरातल्या घरात. मैत्रिणींनी खालून हाक मारली, की "त्या झोपल्यात" असं गॅलरीतून मीच सांगायचे. तेव्हा सासूबाई माझ्या मागेच खुर्चीत बसलेल्या असायच्या.

वर्षभराने तपासणीला नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. "साखर, रक्तदाब, सगळं एकदम झकास! आजी, तुम्ही आरामात शंभरी गाठणार बघा."

मला तर माझाच निकाल लागल्यासारखं वाटलं. मी हसतच सासूबाईंकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "अजून इतकी वर्षं?"



तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर गोळी घेतली का हे तुम्ही रोज विचारतच असाल; आज एवढं विचारून बघा, की शेवटचं पोटभर बोललात ते कुणाशी?