चौदा फटी

"मिस्त्री, ह्या फटी कसल्या ठेवल्यात?"

कनिष्ठ अभियंता परांचीच्या शिडीवर अर्ध्यातच थांबला. काम पूर्ण झाल्याचा फोटो काढायला तो आला होता आणि फोटोच्या चौकटीतच त्याला त्या दिसल्या. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली, विटांच्या एकाच थरात, दोन विटा सोडून एक, अशा उभ्या फटी.

"मुद्दाम ठेवल्यात, साहेब. चौदाच्या चौदा." मिस्त्रीने थापी बाजूला ठेवली. "वीट पाणी पितेच. ते भिंतीच्या पोटातून झिरपत खाली येतं. म्हणून तर आत पत्र्याची नवी पट्टी घातली. पट्टीवर आलेलं पाणी ह्या फटींतून बाहेर पडतं."

"म्हणजे पाणी आत जाणारच?"

"भिंतीत जाणार. खोलीत नाही."

"मग दुरुस्ती कसली केलीत?"

"साहेब, नाक बंद करून सर्दी बरी होते का?"

अभियंता हसला नाही. त्याने खिशातून कामाचा आदेश काढला, घडी उलगडली आणि बोट ठेवून वाचला. "'कार्यालय चालू ठेवून बाह्य भिंतीतील सर्व फटी बंद करणे.' सर्व, मिस्त्री."

"माझ्याआधीच्या तिघा मिस्त्र्यांनी बंदच केल्या होत्या. मी परवा उकरल्या तर गढूळ पाणी कोपरापर्यंत ओघळलं. महिनाभर पाऊस नव्हता, तरी. वाट नाही मिळाली की ते पट्टी ओलांडून आत उतरतं."

अभियंत्याने एकदा मागे वळून खाली पाहिलं. "मला कळतंय हो," तो आवाज उतरवून म्हणाला. "पण फोटो वर जातो. वरच्यांना फट म्हणजे फट. गेल्या खेपेला खिळ्याच्या एका भोकावरून मी तीन खुलासे लिहिले. भरून टाका. मी थांबतो."

मिस्त्रीने सिलिकॉनची नळी बंदुकीत बसवली आणि पहिली फट भरली.

भिंतीच्या पलीकडे जन्म-मृत्यूच्या नोंदींची खोली होती. सकाळी ओल पाहायला मिस्त्री आत गेला, तेव्हा दप्तर सांभाळणाऱ्या बाईंशी एक म्हातारा हुज्जत घालत होता.

"अहो, तुमच्यासमोर उभा आहे मी. जन्मल्याशिवाय का?"

"दिसताय ना, काका. पण तुमचं वर्ष भिजलं. पानं चिकटून वहीची नुसती वीट झालीय."

"मग तसं लिहा. भिजलं म्हणून."

"भिजलं लिहायला रकाना नाही. 'नोंद आढळत नाही', एवढाच आहे."

तो कागद म्हाताऱ्याच्या हाती देऊन बाई मिस्त्रीकडे वळल्या होत्या. शाबूत राहिलेल्या वह्या दुसऱ्या विभागाकडून उसन्या आणलेल्या टेबलांवर, पंख्याखाली उघड्या पडल्या होत्या. "ह्या तेवढ्या वाचवा, दादा," त्या म्हणाल्या. "ह्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. आणि टेबलं परत मागतायत."

तेरावी फट भरून मिस्त्री थांबला. चौदावी छताचं पावसाचं पाणी खाली आणणाऱ्या नळाच्या मागे होती. ती शिडीवरून दिसत नव्हती, फोटोत येण्याचा तर प्रश्नच नव्हता. एका फटीने चौदांचं काम होणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण थोडं पाणी निघालं असतं. पाच-सहा वह्यांपुरतं तरी.

त्याने हात पुसले. "झालं, साहेब."

"चौदा?"

"झाल्या."

अभियंत्याने त्याच्याकडे पाहिलं. नळाकडे मात्र पाहिलं नाही. "बरं," एवढंच म्हणून त्याने फोटो काढला आणि तो एक पायरी खाली उतरला.

तेवढ्यात धुळीमुळे लावून घेतलेली खिडकी करकरत उघडली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेत बाई कमरेपर्यंत बाहेर वाकल्या. हातात बॅटरी होती.

"थांबा, थांबा! साहेब, जाऊ नका. नळामागे एक राहिली. ही बघा, अख्खी करंगळी जाते आत!"

"बाई, ती तशीच..." मिस्त्री म्हणू लागला.

"तशीच कशी? तिघं आले, तिघंही काहीतरी ठेवूनच गेले असतील. म्हणून तर एवढं नुकसान झालं. ह्या वेळी मी ठरवलंच होतं, डोळ्यांत तेल घालून तपासायचं."

त्यांच्या मागे दोन कारकून काय झालं म्हणून येऊन उभे राहिले. एकजण म्हणाला, "राहिली कशी? साहेबांनी मोजल्या नाहीत?"

अभियंता फोनमधल्या फोटोकडे बघत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "भरा, मिस्त्री."

नळामागे अंधार होता. मिस्त्रीला नीट दिसावं म्हणून बाईंनी बॅटरी खाली धरली आणि सिलिकॉन काठोकाठ येईपर्यंत हात जराही हलू दिला नाही.

"गुण आहे हो तुमच्या हाताला," त्या म्हणाल्या. "आता पाण्याला कुठूनच वाट नाही ना?"

"नाही, बाई," मिस्त्री म्हणाला. "बाहेर पडायला तर कुठूनच नाही."

"सुटले!" म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली. लगेचच आतून जड वह्या भिंतीलगतच्या खालच्या फळीवर ठेवल्याचे आवाज येऊ लागले, एकामागून एक.