तान मास्तरांचं बोट

शेनझेनच्या त्या कारखान्यात कीबोर्डच्या कळीखाली इवलीशी मोटर बसवायचं काम दोन वर्षं चाललं होतं. कळ दाबली की मोटरनं बोटाला हलकासा ठोका परत द्यायचा. तो ठोका किती हवा, हे एकटे तान मास्तर बोटानं ठरवायचे. गिऱ्हाईकं त्याच भरवशावर यायची.

रोज हजारो कळा दाबून ते बोट बधिर झालं. मास्तर घाबरले आणि इतरांचे चेहरे बघून "जरा जड", "जरा हलकी" असं ठोकून देत राहिले. शेवटी सोसेना, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मालकीणबाईंसमोर उभे राहिले.

"क्वांग मॅडम, या बोटाला काही समजत नाही आता. मला मोकळं करा."

मॅडमनी नूडल्सचा वाडगा बाजूला सारला. "ठाऊक आहे मला. नववर्षाच्या आधी मी तुम्हाला मोटर नसलेली कळ दिली होती. तुम्ही म्हणालात, झकास! तेव्हापासून ठोका मीच ठरवते."

"मग मला काढलं का नाहीत?"

 

"काढू कशी? उद्या कोरियाची माणसं तेच बोट बघायला येताहेत. नखं कापून या."