खुणेचा रकाना

कृपा आणि तिचा धाकटा भाऊ पॉल मिळून रुग्णवाहिका पाठवायची सेवा चालवत होते. एक सर्व्हर सावेडीत कृपाकडे, दुसरा मिरजगावात पॉलकडे. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे आपोआप पोचायचा. दोन्हीकडच्या नोंदींच्या तक्त्यांची रचना सारखी असली, तरच नवी नोंद पक्की व्हायची. वडिलांच्या आजारपणात भांडण झाल्यापासून दोघांचं बोलणं मात्र बंद होतं.

त्या दुपारी रचना जुळेना. केडगावहून गाडीसाठी आलेली नोंद अडकली आणि गाडी निघालीच नाही. रुग्णाच्या मुलीने फोनवर एवढंच सांगितलं, "आता नका पाठवू गाडी. आई गेली."

कृपाने पॉलला फोन लावला. "तू काही बदल केलास का?"

"हो. पत्त्यापुढे जवळच्या खुणेचा रकाना टाकला. ड्रायव्हरला घर लवकर सापडावं म्हणून."

कृपाने आपला तक्ता उघडून पाहिला. "पॉल, मीही आज तोच टाकला. दोघांचे बदल एकमेकांना अडवत बसले."

तिने आपला बदल काढला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. पॉलचा रकाना तिच्याकडे आला आणि रचना लगेच जुळली. अडकलेली नोंदही पडद्यावर आली.

फोनवर पॉल म्हणाला, "ताई, मी निघतो. केडगावला त्यांच्या घरी दोघं मिळून जाऊ."