वरची खोली

आई गेल्यावर बाबांना चष्म्याचं दुकान एकट्याला झेपेना, म्हणून थोरली 'थोडे दिवस' मदतीला आली आणि तिथेच अडकून पडली. गिऱ्हाईक नसलं की ती मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसायची. चिमटीतल्या पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चकतीने, जाड तारा छेडायच्या आणि त्याच वेळी मधल्या बोटाने बारीक तार ओढून टक्कन सोडायची, ही अमेरिकेतल्या कंट्री संगीताची पद्धत ती व्हिडिओ बघून शिकत होती. बोटं सोलून निघाली, पण शेवटी हात बसला. तिचं वादन ऐकून दूरच्या शहरातल्या एका बँडने तिला कायमचं बोलावणं धाडलं.

दुकान बंद करताना तिने धीर एकवटला. "बाबा, जरा बोलायचं होतं."

"ओळखलंय मी. आधी वर चल," म्हणत बाबांनी तिला हाताला धरून जिना चढवला.

वरची अडगळीची खोली ओळखू येत नव्हती. भिंतींना जाड फोम, कोपऱ्यात नवाकोरा अँप्लिफायर, बसायला मऊ खुर्ची.

"त्या घरघरीत किती दिवस वाजवणार? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीही बुजवून घेतली बघ," सांगताना बाबांचे डोळे आनंदाने भरून आले. बाबांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली.


"आता गिटारपायी तुला हे घर सोडून कुठ्ठं जावं लागणार नाही, बाळा."